वीतभर आखडलेला पाईप

१८ नोव्हेंबर ९६, सोमवार

सकाळी ग्रीनहाऊसमधला थर्मामीटरचा काटा सातवर. गुलाबाच्या कळ्या चार दिवस झाले, आहेत तेवढ्याच. वाढ नाही, उमलणं नाही. वरचा प्लास्टिकचा कागद आतून घामेजतो, थेंब बरोबर मानेवर पडतात. आमच्या शेवगावकडं थंडी असते, पण अशी हाडात शिरत नाही. हे अकोले तालुक्यातल्या डोंगराचं गार लई वाईट.

आमच्या मालकांनी, आण्णांनी, ठरवलं, गरम पाणी फिरवायचं. जुना बॉयलर आणून ठेवलाय. बेडांच्या कडेनं गुडघाभर उंचीवर पाईप, त्यातून गरम पाणी, आतली हवा ऊबदार. हे पटलं. पण पाईप कुठला तर म्हणे पीव्हीसी. पुण्याहून आलेल्या साहेबानं सांगितलं. (याला इथून पुढं पु.सा. लिहीन. त्याच्यासाठी जास्त शाई घालवायची नाही.) मी टेप धरून उभा होतो. म्हणालो, गरम पाण्याला हा पाईप मऊ पडतो.

त्यानं टेप गुंडाळली. "शिक्षण किती?"

"सातवी."

"आडनाव काय?"

सांगितलं. मग पुढं काही विचारलं नाही. आण्णा आपल्या बुटाकडं बघत होते.

१९ नोव्हेंबर

दिवसभर डोक्यात तेच.

शेतकरी माणूस पीव्हीसीला कॉलर कशी करतो? पाचट पेटवायचं, पाईपाचं टोक जाळावर धरून फिरवायचं, मऊ पडलं की दुसऱ्या पाईपावर दाबून बसवायचं. आण्णांनी स्वतः विहिरीपासून वरच्या पट्टीपर्यंत सगळी लाईन अशी जोडली. एक जोड विकत आणला नाही म्हणून अजून मिरवतात. आज संधी साधून म्हणालो, आण्णा, तोच हा पाईप. आपणच तर भाजून मऊ करतो त्याला.

आण्णा म्हणाले, "जाळ येगळा, पाणी येगळं."

बारा एकराचा मालक. पण चहा तसाच ठेवून उठलो. कुणी बघितलं नाही ते सोडा.

२१ नोव्हेंबर

टेम्पो आला. पीव्हीसीच. मीच उतरवून घेतला, एकेक नळी.

संगमनेरला (पुढं नुसतं सं.नेर) करीम मेस्त्रीच्या हाताखाली नळकाम शिकत होतो तेव्हाची गोष्ट लिहून ठेवतो, म्हणजे डोक्यातून जाईल. एका बंगल्याच्या गच्चीवर पाणी तापवायची टाकी बसवली होती. मालक म्हणाला पीव्हीसी टाक. मेस्त्री गावाला गेलेला. मला माहीत होतं चालणार नाही. टाकला. उन्हाळ्यात लाईन लोंबली, जोड सुटला, खालची खोली भिजली. शिव्या मेस्त्रीनं खाल्ल्या. मला मारलं नाही. एवढंच म्हणाला, "तुला ठाऊक हुतं ना? मग खुदानं तोंड कशाला दिलंय?"

त्यापेक्षा मारलं असतं तर बरं.

तिथं खाली खोली होती. इथं खाली बाया आहेत. नऊ जणी. पहाटे सहाला कटिंगला येतात आणि बेडाबेडाच्या मधल्या अरुंद गल्लीत वाकून फुलं कापतात. पाईप तेव्हाच सगळ्यात गरम असणार. सुटला तर पाणी सरळ त्यांच्या पायांवर.

२४ नोव्हेंबर, रविवार

आज प्रयोग केला. आण्णांच्या अंगणात काकूंचा तांब्याचा बंब रोज सकाळी पेटतोच. पाणी कढत झाल्यावर वरचं झाकण काढलं, पीव्हीसीचा हातभर तुकडा आत घातला. दुसरा तुकडा काळ्या पाईपाचा, ठिबकच्या सामानातला. शंभर आकडे मोजले.

काळा नुसता गरम झाला. पीव्हीसी चिमट्यानं धरून वर काढला तर शिजलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखा मान टाकून लोंबला.

आण्णा दात घासत उभे. बघितलं. तेवढ्यात काकू आल्या आणि पाण्याला वास कसला म्हणून बंबात डोकावल्या. पुढचा अर्धा तास मी चिंच लावून बंब घासत होतो. काकू म्हणाल्या, "आता ह्या पाण्यानं तूच अंघोळ कर." केली. तीन दिवसांनी झाली, म्हणून राग नाही.

आण्णा फोन करायला फाट्यावर गेले. काळजाला जरा बरं वाटलं.

२५ नोव्हेंबर

कशाचं बरं.

पु.सा. फोनवर म्हणाला, उकळत्या पाण्यात कुणी पाईप घालतं का? आपण साठ-पासष्टच्या वर जाणारच नाही. तुमचा तो पोरगा खेळ करतोय. आण्णांना ते पटलं. तसं पटायला आधीच तयार होते, पाईप येऊन पडलेला.

मला म्हणाले, सोल्युशनचा डबा घे, जोडायला लाग.

मी नाही म्हणालो.

"न्हाई म्हंजे?"

"माझ्या हातानं न्हाई जोडायचा, आण्णा. बायांच्या अंगावर जाईल."

आण्णांचा आवाज सगळ्या ग्रीनहाऊसभर. बायांची कटिंग थांबली. लई शहाणा झालास, चार दिवस मेस्त्रीच्या पान्याला हात लावला म्हणून इंजनेर झालास, चालता हो. बरं. चालता झालो. पिशवीत कपडे, ही डायरी (खताच्या दुकानातली, मागच्या सालची), पाना. पाना माझा स्वतःचा आहे.

२६ नोव्हेंबर

काल फाट्यावर सं.नेरच्या गाडीची वाट बघत बसलो होतो. दोन गाड्या सोडल्या. का सोडल्या माहीत नाही.

यमुनामावशी दळण घेऊन आली. बायांच्या पुढारपणाला तीच आहे, भंडारदऱ्याच्या अंगाची, पन्नाशीची असेल. डबा खाली ठेवला. मला वाटलं समजूत घालील. तर म्हणते, "काय शेवगाववाले, निघाले का? लई सोपं हाय बाबा तुमचं."

मी म्हणालो माझं ऐकत नाहीत तर काय करू.

"तुझं न्हाई ऐकत तर तू गाडीत बसतो. आमचंबी कोन ऐकत न्हाई. आमी कुटं बसू? सकाळी त्या पायपाखाली वाकायचंच हाय. कुठल्या गल्लीत वाकायचं न् कुठल्या न्हाई, तेवढं सांग न् मग जा."

लई राग आला. तिचा नाही. खरं बोलण्याचा येतो तसा. डबा तिचा मीच उचलला आणि परत आलो. आण्णांनी बघितलं. खोलीचं कुलूप काढलेलंच होतं.

२८ नोव्हेंबर

तोडगा आण्णांनीच काढला. निम्म्या ग्रीनहाऊसमध्ये पु.सा.चा माणूस येऊन पीव्हीसी जोडणार. निम्मं मोकळं. चालला तर पुढं तोच, नाही चालला तर "मग तुझं बघू". बाया तोवर मोकळ्या निम्म्यात.

मी एवढंच मागितलं होतं की बाया तिकडं नकोत. मिळालं. तरी राग कमी होत नाही, हे काय आहे कळत नाही.

२ डिसेंबर, सोमवार

लोंबला.

काल संध्याकाळपासून पाणी फिरवलं, काटा साठवर. आज सकाळी जाऊन बघतो तर दोन टेकूंच्या मध्ये पाईपाचा पाळणा झालेला. एकदम शेवटचा जोड तोंड वासून, गल्लीत चिखल, वाफ. बावीस झाडं उकडून गेली. आत कुणी नव्हतं.

खरं लिहायचं तर आनंद झाला. नंतर त्या झाडांकडं बघून लाज वाटली.

पु.सा. फोनवर म्हणाला टेकू लांब लांब लावले, चूक फिटिंगची. म्हणजे त्याच्याच माणसाची. त्यावर आण्णा जे बोलले ते इथं लिहीत नाही, पण फोनवाल्यानं बूथचं दार लावून घेतलं.

४ डिसेंबर

सं.नेर. आण्णांनी मला एकट्याला काळा पाईप आणायला पाठवलं. सोपं नाही. काळा म्हणून सगळा सारखाच दिसतो. पहिल्या दुकानात स्वस्तातला दाखवला. आतून बोट फिरवलं तर खरखरीत, रंग कुठं काळा कुठं तपकिरी. जुनं प्लास्टिक वितळवून केलेला. मी खिशातून काडेपेटी काढली, कडेचा एक छिलका पेटवला. जळक्या टायरचा वास.

दुकानदार अंगावर आला. "पाईप घ्यायला आला का दुकान पेटवायला?"

चांगला काळा पाईप जळताना मेणबत्तीसारखा वास येतो, आणि थेंब थेंब गळतो. हे करीम मेस्त्रीनं शिकवलेलं. तिसऱ्या दुकानात तसा मिळाला. भिंत जाड, आतून गुळगुळीत, उन्हात वाकवला तर पांढरी रेघ पडली नाही. वेटोळी टपावर टाकून ट्रकमध्ये वर बसून आलो. येताना मेस्त्रीकडं जायचं होतं. त्या बंगल्याच्या गोष्टीमुळं पाय वळला नाही. जायला पाहिजे होतं.

६ डिसेंबर, शुक्रवार

आज कामावर जाण्याआधी खोलीत बाबासाहेबांच्या फोटोपुढं मेणबत्ती लावली. दरसाल आईबरोबर लावतो. आईचं कार्ड आलंय, कधी येतो, तिथं कोण कोण आहे. कोणाकडून तरी लिहून घेतलेलं, अक्षर अनोळखी. थंडी सरली की येतो, असं लिहिलं. पाईपाचं काही लिहिलं नाही. तिला काय सांगणार, तुझा पोरगा पाईपावरून भांडतो.

९ डिसेंबर, सोमवार

आज काळा टाकला. सगळी लाईन एका दिवसात. वेटोळ्यातला पाईप वाकडा असतो, म्हणून दुपारी बाराला आत उन्हात पसरून ठेवला. ग्रीनहाऊसमध्ये भट्टी होते त्या वेळी. मऊ झाला की सरळ होतो. मग दोरी लावून, तीन माणसांनी ताणून, टोकाच्या निपलवर, म्हणजे जोडाच्या आखूड नळीवर, चढवला, वरून पट्टी आवळली. पाईपलाईन कशी पाहिजे, तर दोरीत. आमच्याकडं कुणाच्या रानात गेलं की लोक आधी तेच बघतात. वाकडी लाईन म्हणजे मालकही वाकडा.

आण्णा संध्याकाळी एका टोकाला खाली बसले, एक डोळा मिटून लाईनीवरून बघितलं. म्हणाले, "व्वा. बंदुकीची नळी."

दोन महिन्यात पहिल्यांदा चांगलं बोलले. मी परत जाऊन उरलेल्या चार ओळी अजून ताणल्या.

१० डिसेंबर

यमुनामावशीचा पाय भाजला.

पहाटे चारला बॉयलर पेटवला. मी म्हणत होतो पन्नासच्या वर नको. आण्णा म्हणाले, कळ्या मरतायत, टाक लाकूड. काटा पासष्टच्या पुढं. सहाला बाया आल्या. मीच म्हणालो, या, काळा आहे, भ्यायचं नाही. मीच.

तिसऱ्या ओळीच्या टोकाला निपलवरून पाईप सुटला. गुडघ्याच्या उंचीवरून धार सरळ तिच्या गमबुटात. गमबूट आण्णांनी सगळ्यांना दिलेत, फवारणीसाठी. अनवाणी असती तर उडी मारून बाजूला झाली असती. बूट पाण्यानं भरला आणि निघेना. दोघींनी ओढून काढला तेव्हा कातडी

अकोल्याच्या दवाखान्यात नेलं. जीपमध्ये ती ओरडली नाही. मला म्हणाली, "पंप बंद केला का?"

११ डिसेंबर

काय चुकलं. पाईप चांगला. वास चांगला. पट्टी आवळलेली होती, हात लावून बघितली होती. मग?

पु.सा.वर जेवढा राग केला तो सगळा परत आलाय, पत्ता माझा. त्यानं निदान बायांना आत या म्हटलं नव्हतं. मी बायांना बोलावलं.

जेवलो नाही. काकूंनी भाकरी पाठवली होती, तशीच.

१३ डिसेंबर

दवाखान्यात गेलो. पायाला गुडघ्यापर्यंत पांढरं. मी दारात उभा. ती म्हणाली आत ये, बाहेरून काय बघतो, जत्रा हाय का.

मी काय बोलायचं ते येताना ठरवलं होतं. सगळं विसरलो. म्हणालो, मावशी, मला मारा.

"मी कशाला मारू. मला उठता येत न्हाई." मग, "पाइप कशानं सुटला?"

"माहीत न्हाई."

"मग इथं काय करतो? जा न् बघ. माझी सून हाय आता त्या गल्लीत."

१५ डिसेंबर, रविवार

सापडलं.

तिसऱ्या ओळीतला पाईप, एक टोक पक्कं बांधलेलं, दुसरं मोकळं. टोकाखाली जमिनीत खुंटी ठोकली. काल दुपारी टोकापाशी खुंटीवर खडूनं रेघ मारली. आज पहाटे, बॉयलर बंद, कडाक्याची थंडी. पाईपाचं टोक रेघेपासून आत गेलेलं. मापलं. माझी पूर्ण वीत. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत.

पाईप थंडीत आखडतो. दुपारच्या भट्टीत मी तो ताणून बसवला, आणि रात्रीच्या गारठ्यात तो आपोआप निपलवरून निम्मा उतरून बसला. पहाटे गरम पाणी न् पंपाचा जोर आला, निघाला. पट्टीचा दोष नाही, पाईपाचा नाही. दोरीचा. बंदुकीच्या नळीचा.

रानातली लाईन जमिनीत पुरलेली असते, पाणी गारच. तिथं ताणली तरी काही होत नाही. म्हणून कुणाला माहीतच नाही. आण्णांना नाही, मला नाही. मेस्त्रीला असेल. मी त्याच्या दारावरून आलो.

मग गरम पाणी सोडून बघितलं, चाळीसच. रेघेच्याही पुढं गेला, चार बोटं. म्हणजे हा पाईप रोज पुढं-मागं करणार. सापासारखा. त्याला जागा दिली पाहिजे.

१८ डिसेंबर

पु.सा. स्वतः आला. चकचकीत बूट, चिखल चुकवत. म्हणाला, "बघा, काळा पण सुटला. म्हणजे मटेरियलचा प्रश्नच नव्हता. मी म्हणत होतो फिटिंगचा आहे." आणि मुद्दाम माझ्याकडं बघून, "हे असं होतं, ज्याचं काम त्यानं करावं."

यावेळी राग आला नाही असं नाही. पण त्यातलं निम्मं खरं होतं. फिटिंगचाच होता. माझ्या.

आण्णा मला म्हणाले, "तुझं काय म्हननं?"

मी खुंटी दाखवली. रेघ दाखवली. वीत ठेवून दाखवली. सांगितलं की ताणून बसवला ती चूक माझी, आणि पाईप हाच पाहिजे. आण्णांनी आपलीही वीत ठेवून बघितली. त्यांचा हात मोठा, बोटभर कमी भरली. पु.सा. म्हणाला हे थर्मल काहीतरी, ते असतंच. आण्णांनी मान वर केली.

"तुमाला ठाऊक हुतं?"

"ते... असतंच थोडंफार."

"मग तोंड कशाला दिलंय?"

मी चमकलो. आण्णांना मेस्त्रीची ती गोष्ट माहीत नाही. हे वाक्य त्यांना कुठून सुचलं. पण नंतर माझ्याकडं वळून त्याच आवाजात म्हणाले, एक पहाट देतो. परत कुणाला लागलं तर पाईप उपटीन न् तुलाबी. बॉयलर भंगारात.

२० डिसेंबर, शुक्रवार

झालं. सगळा पाईप सोडवून परत टाकला. सकाळच्या थंडीत, उन्हात नाही. ओळीत ढिला, नागमोडी, जरा हलायला जागा. टोकाला ताण नाही, एक मोकळं वेटोळं. निपलवर दोन-दोन पट्ट्या. पाणी पन्नासच, त्याची चावी माझ्याकडं. लाईन इतकी वाकडी दिसते की रस्त्यानं जाणारा माणूस हसेल. आण्णांनी खाली बसून बघितलं नाही. आले, उभे राहिले, गेले.

बायांना निरोप दिला होता, उद्या आत येऊ नका, बाहेर शेकत बसा. सांजच्याला यमुनामावशीची सून आली. सासू उद्या येणार म्हणाली. दवाखान्यातनं कालच घरी आणलीय, पायावर अजून बांधलेलं. बैलगाडीत बसून येणार. मी म्हणालो कशाला. सून म्हणाली, "त्या म्हनल्या, शेवगाववाल्याला सांग, बघायला येते. कुठल्या गल्लीत वाकायचं ते त्यानं अजून सांगितलं न्हाई."

बॉयलर चारला पेटवायचा. लाकूड भरून ठेवलं. सहाला तिसऱ्या ओळीच्या टोकाशी, निपलला लागून, मी उभा राहणार. गमबूट घालणार नाही. अनवाणी.

पिशवी भरून ठेवली नाही.

काटा आत्ता नऊवर. खाली येतोय.